छायेने मागितलेला वाटा

कृतयुग सरत आले होते, त्या काळची ही कथा. वेत्रवतीच्या तीरावर सुवर्चस मुनींचा आश्रम होता आणि त्याच्या अंगणात मुनिपत्नी सुव्रतेने तुळस, ओवा, दवणा, ब्राह्मी अशा औषधी वनस्पती जोपासल्या होत्या. रोज प्रभाती अर्घ्य देऊन ती म्हणे, "हे सहस्ररश्मी, माझी रोपे वाढतात ती तुझ्यामुळेच!"

ते ऐकून आकाशात छायेचे काळीज जळे. सूर्याचे तेज न साहून त्याची पहिली पत्नी संज्ञा निघून गेली, तेव्हा आपल्या जागी तिनेच छायेला बसवले होते. घर सांभाळले छायेने, मान मात्र संज्ञेचा. आता पृथ्वीवरच्या अंगणातही तेच! दुपारभर सावली देऊन ब्राह्मीला जपायचे कोणी आणि अर्घ्य कोणाला?

"या अंगणात यापुढे कशाचीही सावली पडणार नाही," तिने शाप उच्चारला.

तिसऱ्या दिवशी वाटसरू स्त्रीचे रूप घेऊन ती पाहायला आली. सुव्रता ब्राह्मीच्या वाफ्यावर पदर पसरून ओणवी झाली होती. पण ऊन पदरातून आरपार जात होते.

"अगं बाई, तुझा सहस्ररश्मी आहे ना माथ्यावर?" छाया म्हणाली. "मग वाढू देत की रोपे!"

"टोमणे मागाहून मारा, माई. आधी घडाभर पाणी आणा. हा वाफा माझ्या लेकीने, विदुलेने लावलेला. गेल्या शिशिरात ती गेली."

छायेने पाणी आणले, पण तिला राहवेना. "सावलीला कधी एक ओंजळ वाहिलीस?"

सुव्रतेने मान वर केली नाही. "नाही. ती अंगणात होतीच ना. लेक होती तेव्हा तिचे तरी कौतुक कुठे केले? घरच्या माणसाला कोण आळवते? आता दिवसभर तिचेच नाव घेते."

त्या गेलेल्या मुलीचाही छायेला क्षणभर हेवा वाटला. आणि मग त्या हेव्याची लाज वाटली. ती मूळ रूपात प्रकटली.

"सुव्रते, दिलेला शाप सगळा परत घेता येत नाही. एरवी सावली पुन्हा पडेल, पण माध्यान्हीला मी अंग चोरून पायातळीच बसेन. तेवढी घटका ब्राह्मीवर पदर धर, त्यातून ऊन जाणार नाही. ब्राह्मीला सकाळचे कोवळे ऊन दे, दुपार माझी. तुळस ठेव सूर्याला, मला ती नको!"

तेव्हापासून माध्यान्ही सावली आखडते आणि ब्राह्मी आडोशाला सुखाने पसरते. तुळस मात्र सावलीत ठेवली की किडकिडीत उंच होते, पाने विरळ होतात. तिच्यापुरता छायेचा हेवा अजून शमलेला नाही.