कोठडीतला पाहुणचार

“तक्रार नाही, असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, अक्का! आता आणखी काय विचारायचं राहिलं?”

सारंगनं फॉर्म पुढे धरला. बावीस प्रश्न, बावीस बरोबरच्या खुणा, खाली कोठडीतल्या भैरूचा अंगठा. वकिलीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला गडी. गावच्या देखरेख मंडळात येऊन आठवडाच झाला होता, पण शिकायचं आता काही उरलं नाही, असा त्याचा थाट.

मंडळाचं काम साधं. न सांगता पोलीस ठाण्यात जायचं आणि कोठडीतल्या माणसाचे हाल होत नाहीत ना, ते बघायचं. शेवंताक्का अकरा वर्षं हेच करत होत्या. त्याआधी जन्मभर सुईणपण.

अक्कांनी फॉर्म वाचला... आणि घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला.

“चल.”

कोठडीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. सारंगला हसू आलं. हे काय देऊळ आहे?

भैरू हात जोडून भिंतीला टेकून उभा होता. पाण्याचा पंप चोरल्याचा संशय. दुपारी कोर्टात न्यायचं होतं.

अक्कांनी खाली फरशीवर बसकण मारली.

“भैरूबा, लांबनं चालत आलीया. वाईच पानी देतोस का?”

भैरू गडबडला... मग त्याचा चेहराच बदलला. दारी आलेल्या माणसानं पाणी मागितलं होतं.

माठ पलीकडच्या कोपऱ्यात, चार पावलांवर. भिंत धरून, एका पायावर लंगडत तो निघाला. डावा पाय त्यानं जमिनीला टेकवलाच नाही.



परत येताना पेला निम्मा सांडला. उरलेलं पाणी अक्का शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग त्यांनी भैरूचा पाय मांडीवर घेतला. तळवा काळानिळा, टम्म सुजलेला.

“कदी मारलं?”

“काल...” भैरू म्हणाला, आणि रडायला लागला.

“कोर्टाच्या आदी डॉक्टर,” अक्का दाराशी उभ्या हवालदाराला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. हवालदार मात्र फोनकडे पळाला.

सारंगनं खिशातला फॉर्म काढला आणि बावीसच्या बावीस खुणा खोडल्या. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

बाहेर पडताना त्यानं हळूच विचारलं, “पाणी मागितलं की तो चालेल आणि पाय दिसेल... हे तुम्ही आधीच ठरवलं होतं ना, अक्का?”

अक्का चपलेत पाय घालत होत्या.

“न्हाई रं. मला तहान लागली हुती.”