भिवरामाय आणि शंखाईची माळ

ऐका, फार मागची गोष्ट आहे. आमच्या सातगोट्याच्या नदीला तेव्हा घाटसुद्धा बांधला नव्हता. या नदीच्या दरडीत दगड झालेल्या गोगलगायी सापडतात, बोटाच्या पेराएवढ्या, अंगावरच्या वेढ्यांसकट. त्या शोधून, साणेच्या दगडावर घासून, भोक पाडून त्यांच्या माळा करणारी भिवरा नावाची एक बाई गावात होती. लहानथोर तिला भिवरामाय म्हणत. तिनं ओवलेली माळ कानाला लावली की पाणी वाहताना ऐकू येई, असं म्हणतात.

गावदेवी शंखाईची माळही तिनंच केलेली. रंग मधासारखा, आणि चमक अशी की पुजाऱ्याला तिच्यात आपलं तोंड दिसे. चैत्रातल्या जत्रेला, दिवस मावळताना, देवी ती माळ घालून पालखीत बसे.

एका वर्षी जत्रेच्या दुपारी गुरवाची नवी सून ठकू देवळातली भांडी घासायला बसली. मोठ्या हौसेनं बसली. तांब्याचा हंडा, पितळेच्या समया, सगळं तिनं चिंच लावून लख्ख केलं. मग तिला वाटलं, माळही उजळावी. तिनं ती चिंचेच्या कोळात बुडवली, आणि काय सांगू! कोळ फसफसू लागला. माळ बाहेर काढली तर साऱ्या गोगलगायी खडूसारख्या पांढऱ्याफटक!

सासू मनकर्णा ओरडतच आली. "अवं, देवीचा गळा जाळला इनं! पालखी उठायच्या आत माळ होती तशी झाली नाही, तं गाडी जुंपते. माहेरी जाय, अन् परत येऊ नको."

ठकू माळ पदरात घेऊन पळाली ती थेट भिवरामायच्या अंगणात.

भिवरामायनं माळ हुंगली. "चिंच का वं?"

"हो माय. तांबं उजळते म्हणून..."

"हे तांबं नाही, पोरी. हे शिंपल्याच्या जातीचं. याले आंबट चावते." तिनं एका मण्यावर नख फिरवलं आणि तिचे डोळे चमकले. "पण वरवरच चावलं. आत मध आहे! पाणी आण. बायांना हाका मार!"

जत्रेला नटलेल्या बाया धावत आल्या. भिवरामायनं दोरा तोडला. ती एकेक मणी ओल्या साणेवर हलकेच फिरवी आणि बायांच्या हाती देई. "तळहातानं चोळा. तळहाताइतकं मऊ कापड नाही."

"माह्या हाताले तं भेगा हायेत, माय!" एक जण म्हणाली.

"मंग तुलेच आधी साणेवर घासते," भिवरामाय म्हणाली, आणि अंगणभर हसू फुटलं.

हात गरगरा फिरू लागले. एक मणी उजळला, दुसरा उजळला. तिकडे ढोल वाजू लागले. सूर्य पळसाच्या शेंड्याला टेकला आणि तिथंच थांबला, असं म्हणतात. पाखरं घरट्यापाशी येऊन गोंधळून परत फिरली. काही जण म्हणतात तो पळस नव्हता, मोह होता. पण सूर्य थांबला होता, यावर साऱ्यांचं एकमत आहे.

शेवटी एकच मणी उरला, मधला, सगळ्यात मोठा. तो काही केल्या उजळेना. ठकू तो चोळत रडू लागली.

"अवं, रडू नको त्याच्यावर! आसवात मीठ असते," भिवरामाय ओरडली. तिनं ठकूच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींचे तळवे मिळून फिरू लागले. मणी गरम झाला. मग आतून मध वर आला, आणि त्या दगडाच्या गोगलगायीनं दोन शिंगं बाहेर काढली!

मनकर्णा ठकूच्या मागोमाग येऊन अंगणाच्या दारातच उभी होती. ती पुढं आली आणि तिनं ठकूला पोटाशी धरलं. "गाडीचे बैल सोडा रे," एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी पालखी निघाली तेव्हा देवीच्या गळ्यातल्या गोगलगायी हळूहळू चालत होत्या, असं म्हणतात. पालखी देवळात परतल्यावरच त्या पुन्हा दगड झाल्या. भिवरामायच्या तळहातावरच्या रेषा मात्र कायमच्या पुसल्या गेल्या. तिथं शंखासारखा एक वेढा उमटला होता.

आजही सातगोट्यात जत्रेच्या दुपारी बाया देवळात गोल बसतात. माळेला ना आंबट लावतात ना साबण. भिवरामायचं नाव घेऊन नवा दोरा ओवतात आणि माळ या हातातून त्या हातात चोळत फिरवतात. गावात सगळ्यात नवी आलेली सून मध्ये बसते. माळेला हात लावायला ती कचरते. तेव्हा तिची सासू स्वतः उठून माळ तिच्या ओंजळीत ठेवते आणि म्हणते, "घे माय, पहिला हात तुझा."