टेम्पोत सांडलेली म्हैस

डोंगराआड एक गाव होतं. तिथं रंगनाथ, त्याची बायको हौसा आणि त्यांची मोरी म्हैस राहायची. मोरीला भाकड ठरवून रंगनाथनं विकायला काढली. गिऱ्हाइकाला ती भरलेली दिसावी म्हणून त्यानं तिला मूठमूठ मीठ चारलं आणि वर बादल्याच्या बादल्या पाणी पाजलं.

"एवढे लाड होणार असतील तर मला रोज विका हो, मालक," मोरी म्हणाली.

बाजाराला नेताना टेम्पोच्या हिसक्यांनी ते सगळं पाणी वाटेतच मुतून गेलं. बाजारात व्यापाऱ्यानं तिच्या फासळ्या चाचपल्या. "पाव्हणं, म्हैस घरीच विसरला का?"

"टेम्पोत सांडली. फडक्यानं पुसून घ्या," मोरी म्हणाली.

व्यापारी हसत निघून गेला. सोबत आलेल्या हौसानं मात्र मोरीच्या पोटावर हात ठेवला. "अहो शहाणे, पाणी गेलं तरी पोट उरलंय! आत रेडकू ढुशा देतंय!"

तिघं पायीच घरी परतली. थोड्याच दिवसांत मोरीला पारडी झाली, आणि रंगनाथच्या घरी दुधाला चरवी पुरेना.