पिंपळकोटचा बोलका चौथरा

परीटआळीला आग लागली तेव्हा पिंपळकोटात शिंग वाजलं, नगारा झडला, घंटाही खणखणली. फक्त पाणी तेवढं आलं नाही!

त्याचं असं झालं. आग पहिल्यांदा दिसली कोतवालाच्या शिपायांना. त्यांनी शिंग फुंकून 'आग! धावा!' अशी खूण दिली. पखालखान्यातल्या पाणक्यांना शिंगातलं काय कळणार? कोतवालसाहेबांची स्वारी निघाली असेल असं समजून ते भरल्या पखाली घेऊन अदबीने भिंतीला टेकून उभे राहिले. धूर दिसल्यावर त्यांनी नगाऱ्यावर 'कुठे? कुठे?' असं विचारलं. राजवैद्यांच्या माणसांना वाटलं, कुणाचं तरी लग्न लागलं. शेवटी तेही लेपाची भांडी घेऊन निघाले आणि घंटा वाजवत थेट भलत्याच वेशीला पोचले.

आळी जळून गेली. केवडा परटिणीचं घर गेलं आणि सासूला बाहेर ओढून काढेपर्यंत म्हातारीचे दोन्ही हात भाजले.

दुसऱ्या दिवशी केवडा दरबारात दाद मागायला गेली, तर तिथे कौतुकसोहळा चाललेला!

"आमचं शिंग अगदी वेळेवर वाजलं, महाराज!" कोतवाल झुंजारराव मिशीला पीळ देत म्हणाले.

"आमच्या नगाऱ्याला तर तोडच नाही!" पखालखान्याचे दरोगा अजमतखान म्हणाले.

"आमची घंटा शास्त्रोक्त वाजली," राजवैद्य धुंडिराजशास्त्री म्हणाले. "रोगी कुठे आहे ते कुणी कळवलं नाही, हा दोष रोग्याचा!"

केवडाच्या अंगाचा तिळपापड झाला. "खरंय, सरकार! इतक्या सुरेल साथीत घर जळायचं भाग्य कुणाला मिळतं? सासूचे हात भाजले नसते, तर तिनं टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या!"

उदंडराव महाराजांना कुणी उलट बोललेलं खपत नसे. ते ताडकन उठले.

"जीभ फार चालते तुझी! मग तूच कर या तिघांचं एकमेकांना कळेल असं! पण नीट ऐक. शिंग, नगारा, घंटा यांतलं एकही बदलायचं नाही, ती आमच्या आजोबांनी दिलेली आहेत. नवं वाद्य आणायचं नाही. आणि एका खात्याच्या खुणा दुसऱ्या खात्याला शिकवायच्या नाहीत, ती गुपितं आहेत!"

"गुपितं खरीच, सरकार. काल कुणालाच कळली नाहीत."

"पुढच्या पुनवेपर्यंत जमलं नाही, तर घरच्यांना घेऊन राज्याबाहेर चालती हो!"

तिन्ही अधिकारी एकमेकांकडे पाहून हसले. त्यांचं एकमत झालेलं लोकांनी प्रथमच पाहिलं.

केवडा धर्मशाळेत परतली. सासूच्या हातांना लेप लावता लावता तिनं सगळं सांगितलं.

"अगं, पाय धर महाराजांचे!" सासू कळवळली. "भाजले हात घेऊन मी कुठे गं जाऊ? शिंगाला नगाऱ्याची भाषा कधी येईल का?"

"शिंगाला नाही येणार, आत्याबाई." केवडाचा हात थबकला. "पण शिंग फुंकणारा घरी बायकोशी शिंगात थोडाच बोलतो!"

ती उठली. झुंजाररावांकडे गेली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. कोतवालाची छाती फुगली. मग ती अजमतखानांकडे गेली. दरोगांनी पगडी सावरली. मग शास्त्रीबुवांकडे गेली. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. संध्याकाळच्या आत भर चौकातल्या चौथऱ्यावर तिन्ही खात्यांचा एकेक माणूस येऊन बसला: शिंगवाला, नगारेवाला आणि घंटेवाला.

"काय करतात ते?" महाराजांनी हेराला विचारलं.

"पान खातात, सरकार, आणि गप्पा मारतात."

महाराजांनी केवडाच्या घरच्यांसाठी बैलगाडी सांगून ठेवली.

पण पुनव यायच्या आधीच एका दुपारी राजपागेतल्या गवताने पेट घेतला. आग कशी लागली ते कुणी बोललं नाही. महाराज तिथे हुक्का ओढत बसले होते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पागेवरच्या शिपायाने शिंग फुंकलं. चौथऱ्यावरचा शिंगवाला ओरडला, "अरे, राजपागेत आग लागली!"

नगारेवाल्याने लगेच नगाऱ्यावर ते कळवलं. पखाली निघाल्या. "आमच्या लोकांना वाट मोकळी करा म्हणावं!" तो म्हणाला. शिंगवाल्याने शिंग फुंकलं आणि शिपायांनी रस्त्यावरची गर्दी हटवली.

"कुणी भाजलं का?" घंटेवाल्याने विचारलं.

"घोड्यांचे दोघे मोतद्दार. उत्तरेच्या दाराशी आहेत," पागेवरचं पुढचं शिंग ऐकून शिंगवाला म्हणाला.

घंटा वाजली आणि राजवैद्यांची माणसं जन्मात पहिल्यांदा बरोबर दाराशी पोचली! आग विझली, घोडे वाचले, मोतद्दारांच्या भाजल्या अंगावर वेळेत लेप लागला.

काजळलेल्या तोंडाने महाराज चौथऱ्यापाशी आले. केवडा तिथेच उभी होती. तिन्ही अधिकारीही श्रेय घ्यायला धावत आले.

"एवढंच केलंस?" महाराजांनी विचारलं.

"एवढंच, सरकार. वाद्यं तीच, खुणा ज्याच्या त्याच्यापाशी. कुणाला काही शिकवलं नाही. साध्या मराठीत बोलायला तर कुणाची बंदी नव्हती!"

"पण हे तिघे एका पंगतीला बसत नाहीत! यांना राजी कसं केलंस?"

"कानात सांगू की उघड, सरकार?"

"उघड!"

"कोतवालसाहेबांना म्हटलं, मुख्य तुम्हीच. बाकी दोन खात्यांची माणसं तुमच्या माणसाला खबर द्यायला बसवायची आहेत."

झुंजाररावांनी ऐटीत मान हलवली.

"दरोगासाहेबांनाही हेच सांगितलं आणि शास्त्रीबुवांनाही हेच!"

तिघांचे चेहरे एकदम उतरले.

"त्यात खोटं काय?" केवडा म्हणाली. "प्रत्येकाला बाकीचे दोघे खबर देतातच की!"

महाराजांना हसू आवरेना. "आणि मला काय सांगणार होतीस?"

"तुम्हाला काय सांगायचं, सरकार? मुख्य आपणच, हे तुम्हाला कुणी न सांगताही वाटतं!"

महाराज पोट धरून असे हसले, की डोळ्यांतल्या पाण्याने गालांवरची काजळी ओघळली. परीटआळी पक्क्या विटांची बांधून द्यायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला. चौथऱ्याचा सगळा कारभार केवडाच्या हाती आला. आणि तिन्ही अधिकारी येता-जाता तिला मुजरा करू लागले, प्रत्येक जण बाकीच्या दोघांच्या आधी!