नव्या बाईंचं मागणं

एकदा एक तरुण शिक्षिका आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिली. आदल्याच दिवशी तिला नोकरीचा आदेश मिळाला होता, तरी तिच्या मुखावर आनंदाचा लवलेश नव्हता.

तिचं नाव प्रणिता. वडील लहानपणीच गेलेले. आईनं सूतगिरणीत काम करून आणि तिनं स्वतः शिकवण्या घेऊन शिक्षण पुरं केलेलं. गणित हा तिचा आवडीचा विषय आणि शिक्षिका होणं हे तिचं एकमेव स्वप्न. ते आता साकार झालं होतं. पण शाळा मिळाली ती डोंगराच्या पायथ्याशी, एका आडगावात. एसटी फाट्यापर्यंतच जायची. पुढे तासाभराची पायपीट. बाकीचे शिक्षक तालुक्याहून आपापल्या गाड्यांनी ये-जा करत. प्रणिताकडे गाडी नव्हती, गाठीला काही नव्हतं, आणि पहिला पगार कधी होईल हे कुणीच ठामपणे सांगत नव्हतं. सोमवारी हजर झालं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

गुरुजींच्या अंगणात त्यांच्या मुलाची मोटारसायकल ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. मुलगा परगावी असे. प्रणिताला गाडी चालवता येत होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, दोन-चार महिन्यांसाठी गाडी मिळाली असती तर…"

"गाडी नाही मिळायची," गुरुजी शांतपणे म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. ज्यांनी कधी कुणाला विन्मुख पाठवलं नाही, त्यांनी आपल्याला असं तोडून सांगावं!

"उद्या रविवार आहे," गुरुजी म्हणाले. "पहाटेच्या एसटीनं आपण तुझ्या शाळेच्या गावाला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी ते दोघे फाट्यावर उतरून चालत गावात पोहोचले, तेव्हा दूध डेअरीपुढे गर्दी झाली होती. कुणी किटली घेऊन आलेलं, कुणी कॅन. गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "मंडळी, या तुमच्या शाळेच्या नव्या बाई. उद्यापासून गणित शिकवणार आहेत. त्यांना तुम्हाला काही सांगायचं आहे."

एवढं बोलून ते बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

प्रणिताच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गुरुजींकडे पाहिलं. ते उपरण्यानं घाम पुसत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. अखेर ती कशीबशी म्हणाली, "मी… मला इथं राहायला जागा नाही. माझ्याकडे गाडी नाही. पगार सुरू होईपर्यंत भाडंही देता येणार नाही. पण मला तुमच्या मुलांना शिकवायचं आहे."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तो क्षण तिला फार मोठा वाटला.

मग एक म्हातारी किटली खाली ठेवून पुढे आली. तिचं नाव हौसाबाई. "अगं, मग एवढं रडवेलं तोंड कशाला? माझी एक खोली रिकामीच हाय. लेक नांदायला गेल्यापासनं घर खायला उठतंय. चार भाकरी थापते, तिथं दोन जास्त."

"भाड्याचं…"

"पगार झाला की बघू. आधी पोरांना पाढे तर येऊ देत!"

लोक हसले. दुधाचा टेंपो चालवणारा संपत म्हणाला, "बाई, शनिवारी घरी जायचं असंल तर शाळा सुटल्यावर डेअरीपाशी या. मी तालुक्यालाच जातो."

परतीच्या वाटेवर प्रणिता मान खाली घालून चालत होती. मनावरचं ओझं उतरलं होतं, पण राग गेला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मला चारचौघांत मागायला लावलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

गुरुजींनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढून तिला दाखवली. "कुणी काही बोललं नसतं, तर ही तुला देणारच होतो. पण बाळ, गाडी घेऊन गेली असतीस, तर तुझी लाजही मागच्या सीटवर बसून रोज तुझ्याबरोबर शाळेत आली असती. गरिबी चांगली असते असं मी म्हणत नाही. पुढेमागे जमेल तेव्हा खुशाल गाडी घे. मात्र आपल्याजवळ एखादी गोष्ट नसणं हा अपराध नव्हे. ते लपवण्यातच माणसाची सगळी शक्ती खर्च होते. उद्या तुझ्या वर्गात अशी मुलं बसतील, ज्यांना काही येत नसेल आणि तसं म्हणायची लाज वाटत असेल. 'माझ्याकडे नाही' हे स्वतः कधी न म्हटलेला शिक्षक त्यांना 'मला येत नाही' म्हणायचं बळ कुठून देणार?"

प्रणिता चालता चालता थांबली. मग तिनं वाकून गुरुजींना नमस्कार केला.

सोमवारी ती सामानासह येऊन शाळेत हजर झाली आणि मंगळवारी सातवीच्या वर्गावर गेली. अपूर्णांकांचं एक उदाहरण तिनं फळ्यावर सोडवून दाखवलं आणि विचारलं, "समजलं?"

"हो बाई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

तिनं खडू खाली ठेवला. "काल संध्याकाळी हौसाबाईंनी मला चूल पेटवायला सांगितली. मला येईना. नुसता धूर! मग मी म्हटलं, मला येत नाही, दाखवा. त्यांनी दाखवलं. आज सकाळी मी पेटवली."

मुलं खो खो हसली. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मला भागाकारापासनंच येत नाही."

"बरं झालं सांगितलंस," प्रणिता म्हणाली. "मग तिथूनच सुरू करू."

आणि तिच्या लक्षात आलं, की अर्ध्या वर्गानं सुटकेचा श्वास टाकला होता.