अर्ध्यावरचा दिवा

फार फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका पेठेत व्यापारी आपली हळद जमिनीखाली साठवत. वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट, अशा त्या खोल खड्ड्यांना पेव म्हणत.

पेव कित्येक महिने बंद असे. आत कोंडलेली हवा डोळ्यांना दिसत नाही, पण माणसाला गुपचूप मारते. म्हणून पेठेचा दंडक होता. तोंड उघडलं की दोरीने पेटता दिवा थेट तळापर्यंत सोडायचा. दिवा विझला, तर पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवायचं. तगला, तर कमरेला दोर बांधून उतरायचं.

तिथे एक तरुण हमाल होता. लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत तो कामावर परतला. लांबच्या गावी त्याची बायको दिवसभर सासूच्या हाताखाली राबे आणि संध्याकाळी त्याचा चेहरा आठवू पाही. डोळे आठवत, हनुवटी निसटून जाई. नीट पाहायला मिळालं होतंच कुठे?

एकदा पेठेकडे निघालेल्या गाडीवानाला ती म्हणाली, "दादा, त्यांना सांगा, दाराची कडी नीट लागत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

गाडीवान मिशीत हसला. कडी काय, सासऱ्यांनीही बसवली असती.

निरोप ऐकून तरुणाचे कान लाल झाले. गाडी त्याच संध्याकाळी परत निघणार होती. मुकादम म्हणाला, "जा की. पण हे एवढं पेव रिकामं करून जा."

"कडी आतून लावायची की बाहेरून, ते विचारलंस का रे नवरदेवा?" सोबतचे हमाल खिदळले.

तोही हसला आणि दिवा सोडू लागला. तळाला दिवा विझला तर काम उद्यावर जाणार, गाडी निघून जाणार. त्याने दोरी निम्म्यावरच थांबवली. तिथे ज्योत छान उभी होती.

"जळतोय बघा!"

"तळाला टेकला का?" मुकादमाने विचारलं.

"टेकला, टेकला."

कोणी दोर आणेपर्यंत तो उतरलाही. दिवा खरंच जळत होता. त्याला मात्र त्याच्याही खाली जायचं होतं.

हाक आली नाही. नुसता पडल्याचा आवाज आला. त्याचा सोबती उडी घेणार, तोच मुकादमाने त्याला घट्ट धरलं.

"सोडा मुकादम, मरेल तो!"

"तू उतरलास तर दोघं मराल. आकडा आणा रे, दोर आणा!"

आकड्याने त्याला वर ओढलं, तेव्हा श्वास संपला होता.

गाडी ठरल्या वेळी निघाली. गावात तिची चाहूल लागताच बायकोने पदराने तोंड पुसलं, कुंकू सारखं केलं आणि ती दाराशी आली. गाडीवान खाली मान घालून उभा होता.

नवरा एक दिवस उशिरा आला असता, तर ती रुसली असती. वाढताना ताट जरा आपटलं असतं. मग त्याने काहीबाही बोलून तिला हसवलं असतं, आणि तो उशीर दोघंही कधीच विसरून गेली असती.

ऐकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: घरची ओढ जितकी मोठी, तितकी कामावरची खबरदारी पुरती घ्यावी, कारण निम्मी खबरदारी जीव वाचवत नाही.