उसवलेली फरसबंदी

एका गावात एक शिंपी राहत होता आणि त्याच्या घरामागे चिखल राहत होता. शिंपी त्या घरात राहायला आला, त्याच्याही आधीपासूनचा तो चिखल. न्हाणीचं पाणी, भांड्यांचं पाणी, धुण्याचं पाणी, सगळं परसातल्या खड्ड्यांत येऊन बसायचं आणि उठायचं नाव घ्यायचं नाही. भर उन्हाळ्यातसुद्धा तिथे घोट्यापर्यंत पाय रुतायचा.

इतकी वर्षं त्याने कुणाचं काही अडलं नव्हतं. पण थोरल्या लेकीला, शेवंतीला, सासरी दिवस गेले आणि तिचं डोहाळजेवण माहेरी करायचं ठरलं. गल्लीतल्या पन्नासेक बायका जेवायला यायच्या. त्यांना बसवायचं कुठे? घर म्हणजे दीड खोली, त्यातली अर्धी कापडांनी आणि कात्रणांनी भरलेली. राहिलं फक्त परस. त्यातच शिंपीण पाण्याचा हंडा घेऊन परसात अशी घसरली की चार दिवस कमरेला शेक घेत पडून होती.

"मी पडले ते पडले," ती नवऱ्याला म्हणाली. "पण पोरगी पडली तर? दोन जिवांची हाय ती. अहो, काय बी करा, पण तिचा पाय ह्या चिखलात पडता कामा न्हाई."

 शिंप्याने हातातली सुई टोपीला टोचून ठेवली. असं तो फार महत्त्वाचं बोलायचं असलं तरच करायचा.

"फरसबंदी करू," तो म्हणाला. "सगळं परस दगडानं बांधून काढू."

"आणि पैका?"

"पैका कशाला लागतो? चिंध्यांची गोधडी शिवतोच की आपण. तशी आता दगडांची शिवू."

शिंपिणीला हसू आलं. पण गोधडी म्हटल्यावर तिलाही ते जमण्यासारखं वाटू लागलं.

गावाबाहेर एका पाथरवटाची खाण होती. चांगले दगड विकले गेले की वेडेवाकडे तुकडे तिथेच पडून राहायचे. शिंप्याने पाथरवटाच्या चार पोरांना बंड्या शिवून दिल्या आणि पाथरवट म्हणाला, "उचला लागतील तेवढे. माझ्या पायातली अडचण तरी जाईल." मग शिंपीण आणि धाकटी लेक बकुळा रोज पाटी भरून दगड आणू लागल्या. गल्लीतून कुणी झिजलेला पाटा दिला, कुणी फुटक्या जात्याची तळी दिली. शिंप्याच्या दारात दगडांची रास लागली आणि अंगरखे शिवायला येणारी गिऱ्हाइकं ठेचा खाऊ लागली.

पण दगडांच्या खाली भर घालायची ती कशाची? मुरूम आणायचा तर गाडी हवी, बैल हवेत. शिंपी डोकं धरून बसला होता, तेव्हा गडग्यापलीकडून आवाज आला.

गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेली कमरेएवढी भिंत. तिच्या पलीकडे एक म्हातारी कुंभारीण एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता, पोरबाळ नव्हतं. दिवसभर ती चाकावर असायची आणि केलेली मडकी गडग्याच्या सावलीत वाळत ठेवायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची.

"खापऱ्या चालतील का रं बाबा?" तिने विचारलं. "जल्मभर जे फुटलं ते साठवलंय मागल्या अंगाला. टाकवलं न्हाई बघ हातानं."

खापऱ्या चालतील का म्हणजे काय, पळतील! सगळ्यांनी टोपल्यांनी खापऱ्या आणल्या. परसातले खड्डे त्यांनी बुजवले, वर माती पसरली, पाणी शिंपडलं आणि लाकडी बडवण्यांनी ती चोपायला घेतली. शिंपीण चोपताना ओव्या म्हणायची. बकुळा मध्येच नाचून घ्यायची आणि वर म्हणायची, "मी पायानं चोपते." ती एवढी चिखलात माखायची की आई तिला ओळखच दाखवायची नाही. "ही कुणाची गं पोर?" असं विचारलं की बकुळा खिदळत सुटायची. त्या घरात इतकं हसणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मग दगड बसवायला सुरुवात झाली. गळ्यात माप घेण्याची फीत, कानाला खडू, अशा थाटात शिंपी उकिडवा बसायचा. एकेक तुकडा फिरवून, उलटून, शेजारच्या तुकड्याला जुळवून बघायचा. "ही झाली पाठ. आता ह्याला बाही जोड," असं स्वतःशीच पुटपुटायचा.

पहिल्या दिवशीच त्याने जमीन निरखून बघितली होती. ती गडग्याच्या बाजूला थोडी उतरती होती. "कापडाचं सूत जसं जातं, तसंच कापावं," तो बायकोला म्हणाला. "सुताच्या विरुद्ध गेलं की अंगरखा अंगावर वाकडा बसतो. जमीन गडग्याकडं चाललीय, आपुन बी तिकडंच जायचं."

गवंडी असता, तर त्याने आधी कळशीभर पाणी ओतून बघितलं असतं. शिंप्याचा सगळा जन्म कोरड्या कापडात गेलेला, त्याला हे कोण सांगणार? तो आपला कापडाच्या कायद्याने चालला होता.

बारा दिवसांत शेवटची एक ओळ सोडून सगळी फरसबंदी झाली. डोहाळजेवण नऊ दिवसांवर आलं होतं. काळे, राखाडी, तांबूस, असे सगळे तुकडे एकमेकांना बिलगून बसले होते. धूळ धुवायला म्हणून बकुळाने एक कळशी ओतली. पाणी दगडांवरून सळसळत निघालं, गडग्यापाशी पोचलं आणि त्याच्या फटींत दिसेनासं झालं.

"गेलं!" शिंपी ओरडला. त्याने दुसरी कळशी ओतली. तेही गेलं. घरामागे राहणाऱ्या चिखलाने अखेर बिऱ्हाड हलवलं होतं. शिंपिणीने तर पदर डोळ्यांना लावला.

"पण गेलं कुठं?" बकुळाने विचारलं.

बघायला म्हणून ती गडग्यावर चढली आणि पलीकडे वाकली. मग तिने हातानेच आईला बोलावलं. शिंपीणही गडग्यापाशी गेली.

पलीकडे गडग्याच्या बुडाशी राखेचा एक लांबलचक बांध घातलेला होता. हाताने थापलेला, बोटांचे ठसे उमटलेले. राख ओली होती आणि पाणी तिला खात होतं. बांधाच्या आत ओल्या गोणपाटाखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं होतं. बांधाच्या बाहेर चार-पाच कच्ची मडकी विरघळून त्यांचा गोळा झाला होता. कच्च्या मडक्याला पाणी लागलं की पुन्हा मातीच.

"आपुन माती भिजवत होतो, हातपाय धूत होतो, तवापासून जातंय हे," शिंपीण हळूच म्हणाली. "आणि मावशी एका शब्दानं बोलली न्हाई."

शिंपी खाली बसला. त्याच्या तळहातांवरचे फोड अजून ओले होते. "हे बघ," तो म्हणाला, "तिनं घातलाय की बांध. डोहाळजेवण तेवढं होऊ दे. मग सावकाश बघू. आता उकललं तर नऊ दिवसांत पुरं व्हायचं न्हाई."

"त्याच दिवशी पन्नास बायका हात धुणार. पन्नास ताटं घासणार."

"आणि शेवंती? तिचा पाय घसरला तर? तूच म्हणाली होतीस!"

 शिंपीण तसं म्हणाली होती खरी. लेकीचं पाऊल एकीकडे आणि म्हातारीची मडकी दुसरीकडे, आणि तिचा जीव दोन्हीकडे ओढत होता.

तेव्हा बकुळा गडग्यावरूनच म्हणाली, "आबा, मी उलटी बाही लावली तवा तुम्ही काय म्हणाला होता? चुकलेली टीप गिऱ्हाइकाच्या अंगावर जायच्या आत उसवावी. मी रडले, तरी उसवायला लावलीत."

शिंप्याने मान खाली घातली. शिंपीण त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, मावशीच्या खापऱ्यांवर आपली फरसबंदी उभी हाय. तिच्याच मडक्यांवर पाणी सोडून मी लेकीची ओटी भरू? ती ओटी लाभंल का पोरीला?"

शिंप्याला रडू येत होतं आणि त्याने ते लपवलं नाही. बारा दिवसांची मेहनत होती ती. त्याने एकदा सगळ्या फरसबंदीवरून हात फिरवला, नव्या शिवलेल्या कपड्यावरून फिरवावा तसा. मग त्याने पहार उचलली आणि गडग्याजवळचा पहिला दगड उपटला.

आवाज ऐकून कुंभारीण बाहेर आली. "आरं, हे काय करतोस? बसवलेलं उपटतोस?"

"मावशी, आमचं चुकलं," शिंपी म्हणाला. "पाणी तुमच्याकडं काढलं. पर तुम्ही बोलला का न्हाई?"

म्हातारी गडग्याला टेकून उभी राहिली. "काय बोलू? दिवसभर तुमच्याकडनं हसण्याचा आवाज यायचा. माझ्या घरात बोलतं ते निस्तं चाक. तुम्ही हसायला लागला की माझा बी हात चालायचा. म्हनलं, चार मडकी गेली तर जाऊ देत, ह्येंचं हसू कशाला थांबवू?"

शिंपीण गडगा ओलांडून गेली आणि तिने म्हातारीचे राखेने माखलेले हात आपल्या हातात घेतले.

"बरं, रडत बसू नका," कुंभारीण म्हणाली. "माझ्या खापऱ्या अजून संपल्या न्हाईत. गडग्याकडची बाजू वीतभर उचला, म्हंजे पाणी तुमच्या त्या कोपऱ्यातल्या केळीकडं वळंल. आणि दर दोन ओळींना कळशी ओतून बघा. माती आणि पाणी ह्यात माझा जल्म गेला. पाण्याला आधी इचारावं, मग दगड ठेवावा."

मग चौघं मिळून कामाला लागली. दगड उपटले, खापऱ्या भरल्या, माती चोपली, पाणी ओतलं, पुन्हा चोपली. ज्या परसात पूर्वी तीन आवाज असायचे तिथे आता चार असायचे, आणि चौथा सगळ्यात मोठ्याने दरडावायचा. बकुळाच्या नाचण्याला कुंभारीण "पायानं नीट चोप, नुसती उडू नगस!" म्हणून रागावायची आणि मग स्वतःच हसायची. मध्ये दोन दिवस तेवढी ती आली नाही. "आवा लावलाय, भट्टी सोडून हलता येत न्हाई," म्हणाली.

शिंपी म्हणाला होता तेच झालं. नऊ दिवसांत फरसबंदी पुरी झाली नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी तीन ओळी उघड्याच राहिल्या, नुसती चोपलेली माती. पण शिंपी तो शिंपीच. उपटलेलं बसवता आलं नाही, म्हणून त्याने घरातली सगळ्यात जाड गोधडी आणून त्या तीन ओळींवर अंथरली. शेवंती आली, दगडांवरून चालली, गोधडीवरून चालली आणि पाटावर जाऊन बसली. तिचा पाय कुठेच घसरला नाही. शिंपीण एवढा वेळ तिच्या पायांकडेच बघत होती.

बायका जमल्या, गाणी झाली, ओटी भरायची वेळ झाली. एवढ्यात कुंभारीण आली. तिच्या मागे गल्लीतले दोघे गडी एक भला मोठा रांजण उचलून आणत होते. लालबुंद भाजलेला, गळ्याभोवती वेलीची नक्षी.

"हे तुझ्या बाळाच्या आंघोळीच्या पान्याला," ती शेवंतीला म्हणाली. "बातमी कळली तवाच चाकावर घेतला होता. सावकाश वाळवावा लागतो, म्हनून गडग्याच्या सावलीत गोणपाटाखाली ठेवला होता. एवढा मोठा ओला रांजण जागचा हलवता येत न्हाई. हलवला की तडकतो."

शिंपिणीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा हात टोपीतल्या सुईपाशी जाऊन तिथेच थांबला होता.

"आबा," बकुळा कुजबुजली, "म्हंजे ते पाणी आपल्याच रांजणाकडं चाललं होतं?"

"व्हय गं," शिंपी म्हणाला. "आपल्याच."

त्या दिवशी पन्नास बायकांनी परसात हात धुतले. पहिलं पाणी शिंप्याने नव्याने भरलेल्या रांजणातून काढून कुंभारणीच्या हातावर घातलं. ते दगडांवर सांडलं, वेड्यावाकड्या सांध्यांतून वाट काढत गडग्याकडे पाठ करून निघालं आणि सरळ केळीच्या बुडाशी जाऊन मुरलं. कुंभारीण वाकून बघत होती. "आता बरुबर," ती म्हणाली, आणि शेवंतीच्या शेजारच्या पाटावर जेवायला बसली.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या दारी जाणारं आपलं पाणी आधी वळवावं, त्यासाठी बसवलेला दगड उपटावा लागला तरी चालेल; पलीकडे गोणपाटाखाली काय वाळत ठेवलंय, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?